वाळूतली खोट

माझे सासरे कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. टरबूज, माठ, वीट इथपर्यंत ठीक आहे, त्या सगळेच वाजवतात. पण हे दारसुद्धा वाजवतात, आणि तेही आत कोणी आहे का ते कळावं म्हणून नव्हे, लाकूड कसलं आहे ते कळावं म्हणून. सुनंदाला बघायला मी बजाजनगरला गेलो होतो, तेव्हा पोहे झाल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा टकटक केली. मला वाटलं, मायेनं थोपटतायत. लग्नानंतर सुनंदानं सांगितलं, की आत जाऊन त्यांनी तिच्या आईला निकाल दिला होता, "भरीव हाय. पोकळ नाय."

आमच्याकडे जावई सासऱ्याला मामा म्हणतो आणि सासूला मामी. तर या मामांची सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात गेली. बाहेरून माल यायचा, मामा पेटीतून चार-पाच नग उचलायचे, वाजवायचे, मापायचे, उजेडात धरायचे. एकात जरी खोट निघाली तरी सगळी पेटी माघारी. त्याला ते म्हणायचे, "लॉट परत." नोकरी संपली, तरी लॉट परत जायचे काही थांबले नाहीत. लग्नाच्या पंगतीत जिलबी परत जाते. आठवडी बाजारात मामा दिसले की भाजीवाली आधीच भोपळ्यावर हात ठेवते. अख्ख्या शहरात त्यांचा विश्वास एकाच डॉक्टरवर आहे, कारण तो पाठ वाजवून बघतो.

पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. खोट नसेल तर ते ती ओढूनताणून काढत नाहीत. मामी ही गोष्ट हसून हसून सांगायच्या. एका माल पुरवणाऱ्याशी मामांचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी त्याचाच माल आला. मामा हरखले. दुपारपर्यंत त्यांनी एक नग सोडला नाही, भिंग लावून बघितलं, आणि शेवटी शिक्का मारला, पास. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. मामी म्हणायच्या, "मान्साचा राग आला तरी मालाला कशाला नाव ठेवायचं म्हन्ले, आन उपाशी झोपले."

मामी स्वतः एकदम उलट. त्यांना सगळं पास. चहा गार असला तरी चालायचा, पंखा बंद पडला तरी खिडकी होतीच. आयुष्यात त्यांनी नवऱ्याकडे मागितली ती एकच गोष्ट, एकदा वाळवंट बघायचं. टीव्हीवर कधी तरी दिसलं होतं, तेव्हापासून मनात बसलं होतं. मामा दर वेळी म्हणायचे, पुढच्या वर्षी. आधी ओव्हरटाइम होता, मग घराचं बांधकाम, मग सुनंदाचं लग्न. कारणं संपली तेव्हा मामांनी विनोद केला, "वाळू काय बघायची? बांधकामाच्या टायमाला दारात दोन ब्रास पडली व्हती की." मामी सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. त्यानंतर त्यांनी वाळवंटाचं नाव काढलं नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर मामी गेल्या. आजार फार दिवस नव्हता. मामा रडताना कोणाला दिसले नाहीत. फक्त त्यांनी वस्तू वाजवायचं सोडलं, आणि घर इतकं गप्प झालं की सुनंदा दर रविवारी काही ना काही निमित्तानं मला तिकडे पाठवायला लागली.

असाच एका रविवारी गेलो, तर मामा म्हणाले, राजस्थानात वाळवंटात राहायची सोय असते म्हणे, ती बघा. मी म्हणालो, बघतो, परवडेल असं काही तरी. तर नाही. सगळ्यात भारीतलं पाहिजे. कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारा हा माणूस. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "हलक्या मालात खोट कुणाला बी सापडती, पाव्हणं."

सुनंदा शिक्षिका, तिच्या शाळेत परीक्षा होत्या. तेव्हा सासरे आणि जावई अशी जोडी निघाली. दोन रेल्वे बदलून आणि वर तीन-चार तास गाडीत हादरे खात आम्ही वाळवंटातल्या त्या भारीतल्या लॉजवर पोचलो. दारात एका फेटेवाल्यानं गंध लावलं, दुसऱ्यानं सरबत दिलं. मामांनी सरबताचा पेला वाजवला. मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी ते काही वाजवत होते.

राहायला तंबू होता. साधासुधा नव्हे, आत गालिचा, झुंबर, नक्षीचा पलंग. बुकिंग दोघांचं म्हटल्यावर लॉजवाल्यांनी आपल्या हिशेबानं तयारी करून ठेवलेली. पलंगभर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, त्यावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. मी आणि मामा बराच वेळ त्या हंसांकडे बघत उभे राहिलो. मग मामांनी एक हंस उलगडला, खांद्यावर टाकला आणि हातपाय धुवायला गेले.

तिथून सुरुवात झाली. नळाचं पाणी खारट, साबणाला फेस येईना. तंबूच्या दाराला चेन, ती मध्येच अडकली आणि मामा अर्धे आत, अर्धे बाहेर राहिले. एसी होता, पण कापडाच्या भिंतींतून गारवा बाहेर जात होता. वाळवंट थोडं थंड झालं असेल, आम्ही नाही. ओसरीत दोन वेताच्या खुर्च्या, आणि समोर बघायला जनरेटर.

मॅनेजर एक तरणा, फार गोड मुलगा. त्याच्याशी मामा आपल्या खास हिंदीत बोलले, "भाई, ये तुम्हारा पानी खारा है. साबन को फेसच नै आता." तो हसून म्हणाला, "सर, यही तो डेझर्ट का फील है." चेनचं सांगितलं, तेही फीलमध्येच बसलं. जनरेटरचं काय म्हणतो ते ऐकायला मीही उत्सुक होतो. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, रात को साउंड की आदत हो जाती है. मामांना तो 'फील' शब्द फार आवडला. पुढे चहा गार आला तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. मला म्हणाले, "प्या पाव्हणं, फील हाय."

संध्याकाळी जीपमधून सफारी. जाहिरातीत हरणं होती, कोल्हे होते, गिधाडं होती. आम्हाला तीन बिळं दाखवण्यात आली, आतले रहिवासी बाहेर गेलेले. परतताना शेळ्यांचा एक कळप आडवा आला आणि वाटाड्यानं उत्साहानं जीप थांबवली, फोटो घ्या म्हणाला. मामांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढरं. वडील लासूर स्टेशनच्या बाजूनं कळप घेऊन निघत ते महिनोन्‌महिने घरी येत नसत. मामा शेळ्यांकडे बघत म्हणाले, "बापानं जन्मभर हेच बघितलं. त्याला शेळ्या न बघायला कुणी पैशे मागितले असते, तर त्यानं दिले असते." तंबूबद्दलही त्यांचं तेच म्हणणं होतं. आईनं पालातून निघून चार भिंतींत यायला सारा जन्म घातला, आणि लेक झुंबर लावलेल्या पालात झोपायला आला.

रात्रीच्या जेवणाला शेकोटी, गाणं, नाच. गाणारे म्हातारे होते, आवाजही छान, पण पाहुण्यांच्या आग्रहावरून ते सिनेमातली गाणी म्हणत होते. थाळीत कोरड्या, कडक शेंगांची भाजी आली. मामांनी त्यातली एक शेंग ताटाच्या काठावर वाजवली. टण्ण आवाज आला. मामा इतके खूश मी मामी गेल्यापासून पाहिले नव्हते.

मला मात्र राग यायला लागला होता. मी बँकेत काम करतो, वर्षातून एकदा सुट्टी मिळते, आणि ती मी दुसऱ्याच्या तक्रारी ऐकण्यात घालवत होतो. मी सुनंदाला फोन लावला आणि सगळं ओकलो. म्हणालो, तुझ्या बाबांना इथं यायचंच कशाला होतं? जो दिसेल तो लॉट परत. ती म्हणाली, "काढू द्या त्यांना खोट. आईचं काही राहून गेलं नाही, एवढंच त्यांना बघायचंय."

मी फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. हा माणूस इथं मजा करायला आलाच नव्हता. तो तपासणीला आला होता. हे सगळं टाकाऊ निघालं, तर घरी जाऊन भिंतीवरच्या फोटोला सांगता येणार होतं, की काही नव्हतं गं तिथं, तू काही गमावलं नाहीस. त्या खारट पाण्यानं आणि अडकलेल्या चेननं ते एवढे का खुलत होते, ते मला तेव्हा कळलं. मग मीही मदतीला लागलो. झोपताना म्हणालो, मामा, उशीसुद्धा दगडासारखी आहे. मामांनी समाधानानं मान डोलावली.

सकाळी उठलो तर मामा पलंगावर नव्हते. चेन उघडी होती. मी बाहेर आलो. लॉजच्या मागं वाळूची एक मोठी टेकडी होती, ऊन नुकतंच पडत होतं. मामा टेकडीच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते आणि दोन्ही हातांनी वाळू चाळत होते. थोडी चाळून झाली की उठायचे, चार पावलं पुढे जाऊन परत बसायचे. म्हटलं कवळी पडली, नाही तर चष्मा. मी धावत गेलो आणि काय हरवलं म्हणून विचारलं.

"काटा बगतोय," मामा म्हणाले.

मला काही समजेना. ते वाळू चाळतच बोलत राहिले, माझ्याकडे न बघता. मामी दौलताबादकडच्या. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं अनवाणी फिरलेल्या. तिकडचं रान म्हणजे बाभळीचे काटे, सराटे आणि दगड. लग्न होऊन आल्या तेव्हा दोन्ही तळपायांत काटे मोडलेले, काही इतके जुने की वरून कातडी आलेली. नवी नवरी चालताना लंगडते, हे आधी मामांच्याच ध्यानात आलं. कित्येक दिवस ते दिवसपाळीवरून आले की घरच्यांची नजर चुकवून बायकोचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटे काढत बसायचे.

"टीव्हीवर एक बाई दाखवली व्हती," मामा म्हणाले. "वाळूवरनं अनवानी चालली व्हती. ही म्हन्ली, अवो, तिथं पायात कायीच मोडत नसंल. मला एकदा तसं चालायचंय. आन मी म्हन्लो, दारात दोन ब्रास पडली व्हती की."

त्यांनी हात झाडले. वाळू खाली पडली. मऊ, स्वच्छ, पिठासारखी.

"पहाटंधरनं बगतोय. खालून बगितलं, मधून बगितलं, वरून बगितलं. एक सराटा घावला असता तर सुटलो असतो." मग ते नुसते त्या टेकडीकडे बघत राहिले. "नाय घावला, पाव्हणं. लई आवडलं असतं हिला."

एखादा खडा तरी असेल, म्हणून मीही खाली बसून उगाच वाळूत हात घातला. मला मामींची इतकी आठवण कधीच आली नव्हती. त्या जन्मभर सगळ्याला पास म्हणत राहिल्या, आणि त्यांना स्वतःला पाहिजे होती ती ही एवढी उघड्यावर पडलेली गोष्ट.

मामा उठले. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पँट दुमडली आणि टेकडी चढायला लागले. पाय रुतत होते, पण ते तरातरा वर गेले, माथ्यावर क्षणभर उभे राहिले आणि तसेच खाली आले. धाप लागली होती, तळव्यांना वाळू चिकटली होती. मी त्यांचे बूट पुढे केले. म्हणालो, चला मामा, नाश्ता लागला असेल.

त्यांनी बूट घेतले नाहीत.

"हे माझं झालं," ते म्हणाले. "हिचं राहिलंय."

आणि ते परत चढायला लागले. या वेळी अगदी सावकाश, थोडे डाव्या बाजूला सरकून, कोणी तरी बरोबर चालत असल्यासारखे. मधे मधे ते थांबत होते. मामींना चढावर दम लागायचा.