दुपारचा मुआयना

पुंडलिककाका कोणाच्याही घरी आले की आधी मीटरला भेटतात, मग माणसांना. आमचं मीटर ओसरीवर, दाराच्या उजव्या हाताला आहे. काका चप्पल काढायच्या आधी तिथे थांबतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि मीटरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे डोळे बारीक करून पाहतात. बोटं स्वतःच्याच मनगटावर. आमच्या घराची नाडी पाहून झाली की आत आवाज देतात, "फ्रिज कोनी उघडला आता?"

आणि फ्रिज कोणीतरी उघडलेला असतोच.

काका वीजखात्यात मीटर रीडर होते. तेलंगणातल्या आमच्या इचोडा गावात आणि आसपासच्या खेड्यांत तीस-बत्तीस वर्षं त्यांनी घरोघरी आकडे टिपले. कोणत्या घरी सून आली, कोणाचा मुलगा हैद्राबादला शिकायला गेला, कोणत्या नवरा-बायकोचं भांडण होऊन एक खोली अंधारात आहे, हे त्यांना मीटरवरून कळायचं. निवृत्तीला नऊ वर्षं झाली. खात्याने त्यांना सोडलं, पण त्यांनी मीटर सोडलं नाही.

त्यांच्या या येण्याला ते 'मुआयना', म्हणजे तपासणी, म्हणतात. त्यांचे वडील निजामाच्या वेळी कचेरीत शिपाई होते, तिथून हा शब्द घरात आलेला. "बसत नाई, मुआयना करून जातो," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरा आवडता शब्द 'फिजूल'. दिवसा जळणारा दिवा फिजूल, रिकाम्या खोलीतला पंखा फिजूल, उकळी आल्यावरही मोठा ठेवलेला गॅस तर फारच फिजूल. शेजारच्या तेलुगू बाईंना मात्र ते अदबीने "बंद चेय्यंडी" म्हणतात आणि तोवर बटन स्वतःच बंद केलेलं असतं.

बसत नाहीत हे अगदी खरं. मी त्यांची पाठ खुर्चीला टेकलेली कधी पाहिली नव्हती. चहा उभ्यानेच. एका हातात कप, दुसरा हात फ्रिजच्या पाठीवर, तो किती तापलाय बघायला. एक पाय स्वयंपाकघराच्या उंबरठ्यात, दुसरा बाहेर. नजर छताला, मग चुलीला, मग नळाला. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपल्यालाच कुठेतरी जायचं राहिलंय असं वाटायला लागतं.

माझं बाजारपेठेत कापडाचं छोटं दुकान आहे. मी घरी दुपारच्या जेवणापुरता येतो, त्यामुळे काकांचा खरा मार सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला. तिने तूरडाळ थेट कुकरात घातली की काका हळहळत. डाळ तासभर आधी भिजत घालायला गॅस लागत नाही, पण न घालायला लागतो, हे त्यांनी तिला इतक्या वेळा सांगितलं की ती म्हणायची, मी आता डाळ नाही, काकांनाच भिजत घालते. शॅम्पूच्या पुड्या पाहिल्या की ते म्हणत, "याच्यात शॅम्पू कमी अन् पुडीच जास्त." आठवडी बाजारात भाजी घ्यायची ती माल आवरायच्या वेळी. ज्वारी आणि तूर वर्षाची एकदाच, वांकिडीकडच्या शेतकऱ्याकडून, हंगामात. इस्त्रीला बसायचं तर आठवड्याचे कपडे घेऊनच. एकदा त्यांनी आमच्या फ्रिजच्या दारात कागदाची चिठ्ठी अडकवली, दार लावलं आणि चिठ्ठी ओढली. ती अलगद बाहेर आली. "थंडी अशीच निघून राह्यली घराबाहेर," ते म्हणाले. मी दाराचं रबर बदललं, आणि पुढच्या महिन्यात फरक दिसला. काकांची हीच अडचण होती. ते चीड आणत, आणि वर बरोबर निघत.

कधी कधी अतीही होई. एका लग्नात भर दुपारी बारा वाजता मांडवावर दिव्यांच्या माळा जळत होत्या. काकांनी थोडा वेळ सोसलं, मग गुपचूप मांडवामागे जाऊन एक खटका पाडला. तो नेमका माईकचाही निघाला. पाचव्या मंगलाष्टकाला भटजींचा आवाज एकदम माणसाएवढा झाला. त्यांनी उरलेली तशीच म्हटली आणि लग्न लागलं. वधूपिता तावातावाने आला, तेव्हा काकांनी त्याला शांतपणे विचारलं की शेवटच्या रांगेत अक्षता वेळेवर पडल्या का. पडल्या होत्या. "मंग माईक फिजूलच होता ना," काका म्हणाले.

पुढे सरकारने महिन्याला दोनशे युनिटांच्या आत राहणाऱ्या राशनकार्डवाल्यांचं बिल शून्य केलं आणि गल्लीत काकांचं राज्य आलं. ज्या बायका त्यांना पाहून दार लोटायच्या, त्याच बायका वीस तारखेनंतर त्यांची वाट पाहू लागल्या. कोणाचं किती झालं, महिना निभेल की नाही, कोणी चार दिवस मिक्सर सोडून पाट्यावर वाटायचं, हे काका ठरवत. भर उन्हात, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून ते एकेका ओसरीवर उभे राहत. मी त्यांना म्हणायचो, सकाळी या, संध्याकाळी या, ही वेळ मेली कावळ्यांनासुद्धा नको असते. ते म्हणत, खरं मीटर दुपारीच कळते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी आईला गावाहून घेऊन आलो. तिला ऊन लागलं होतं. दोनदा चक्कर येऊन ती पडली होती. डॉक्टरांनी सांगितलं की हिला दुपारभर गार जागेत ठेवा. आमच्याकडे एकच कूलर. तो आम्ही तिच्या खाटेशी लावला आणि दिवसभर चालू ठेवला. आठवड्यातच मीटर असं पळालं की सुनंदाला घोर लागला. बिलाचा नाही, काकांचा. त्यांना काय सांगायचं, ते काय बोलतील, आईसमोर बोलले तर? तिने मीटरवर ओला टॉवेल वाळत टाकला आणि आईला आधीच सांगून ठेवलं की एक म्हातारे काका येतात, जरा विचित्र आहेत, मनावर घेऊ नका.

हे सांगितलं तिथेच चूक झाली.

त्या दिवशी मी जेवून उठत होतो. तीनचा सुमार. ओसरीवर चपलांचा आवाज झाला. काकांनी टॉवेल उचललेला मला खिडकीतून दिसला. त्यांनी मनगट धरलं. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतला कूलरचा आवाज थांबला.

काका दारात आले. आई खाटेवरून उठून, भिंतीला धरून उभी होती. हात अजून बटनावर. चेहऱ्यावर घाम नव्हता, पण तिने घाईघाईने पदर घेऊन वारा घालायला सुरुवात केली.

काका हलले नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांना इतकं स्थिर उभं मी पहिल्यांदा पाहिलं.

"कूलर काऊन बंद केला, माय?"

"तुमी आले ना भाऊ," आई म्हणाली. "माह्यापायी पोराले बोल नोको लागाले."

काकांनी पुढे होऊन कूलर चालू केला. वाळ्याच्या ताटीला हात लावला. ती भिजलेली, गार होती. हात तसाच ठेवून ते उभे राहिले. मग सुनंदाने सरकवलेल्या खुर्चीत बसले. चांगले पाठ टेकून.

"आमची कमल असंच करे," ते म्हणाले.

कमलकाकू त्यांची बायको. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात गेल्या. बुटक्या, हसऱ्या, कमी बोलणाऱ्या. काका निवृत्त होऊन घरी बसले त्या पहिल्याच उन्हाळ्यात, काका सांगत होते, ते एकदा दुपारी बँकेतून परतले. काकू पदराने वारा घेत बसलेल्या. ते कूलरजवळून गेले आणि सहज हात लागला, तर ताटी अशीच गार आणि खालून पाणी ठिबकतंय. त्यांच्या गाडीचा आवाज ऐकून काकूंनी कूलर बंद केला होता.

"मंग तुमी काय म्हटलं?" सुनंदाने विचारलं.

"काईच नाई. काय म्हनू? जनमभर मीच फिजूल फिजूल केलं होतं." मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी जेवलो अन् तिले सांगतलं का मी मुआयन्याले जाऊन राह्यलो. पाच वाजेपर्यंत येत नाई."

मग ते रोजच निघू लागले. डोक्यावर दुपट्टा, आणि जे घर उघडं दिसेल त्याच्या ओसरीवर. परतताना वळणावरच दोनदा हॉर्न वाजवायचे, म्हणजे तिला बटनापर्यंत जायला वेळ मिळावा. असे सहा उन्हाळे. तिला माहीत होतं की नाही, त्यांना कधी कळलं नाही.

"बोलून टाकायचं होतं काका," मी म्हणालो.

"हो ना. बोललो असतो तं माह्यासमोरच लावला असता तिनं. दोघं बसलो असतो." त्यांनी चष्मा काढून दुपट्ट्याने पुसला. "आता तं बिलही शून्य येते. कूलर तसाच हाय. पन दुपारी घरी बसवत नाई."

आई परत खाटेवर आडवी झाली आणि तिने त्यांना विचारलं की तुमची कमल कोणत्या गावची. गाव तिच्या माहेराजवळचं निघालं. मग त्या दोघांचं बोलणं नदी, आंबे आणि कोणाकोणाच्या लग्नांवर गेलं. मी दुकानात गेलो.

त्यानंतर महिनाभर काका आमच्याकडेच यायचे. गल्लीतल्या बाकीच्यांनी तक्रार केली की त्यांचा मुआयना कमी झाला. आमचं मीटर दोनशेच्या पुष्कळ पुढे गेलं, त्यांनी आकडा पाहिला, पण उच्चारला नाही. सुनंदा तीनच्या आधी खुर्ची कूलरच्या झोतात आणून ठेवायची. पहिले काही दिवस ते पाच मिनिटांत उठायचे, पाण्याची टाकी पाहायचे, पुन्हा बसायचे.

एका दुपारी जेवून मी निघालो, तर आई झोपलेली, आणि काका खुर्चीत मान एका बाजूला टाकून गाढ झोपलेले. तोंड उघडं, दुपट्टा मांडीवर. मी अंगणात गाडीला किल्ली लावली, तेवढ्यात सुनंदा स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

मी गाडी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि मगच सुरू केली.