सात नंबरचं दार आणि संवाद-शिबिर

चातुर्मासात कुणाला नावं ठेवायची नाहीत, असं व्रत मी एका वर्षी धरलं होतं. फार जड गेलं. पण पार पडलं, उद्यापन झालं, मेहूणही जेवून गेलं. तेव्हा मुलांनो, आता ही गोष्ट सांगायला मी मोकळी आहे. हातपाय धुऊन बसा. मोबाईल उपडे ठेवा.

एका जंगलात मोबाईलला रेंज होती, पण ओढ्यावर साकव नव्हता. त्या जंगलात एक मोठं तळं होतं. तळं मगरशेठच्या कंपनीचं. तळ्याच्या बांधाला पाणी सोडायची लोखंडी दारं होती.

एके दुपारी त्यातलं एक दार निखळलं. पाण्याचा लोंढा उताराला धावला. उतारावर एका सशिणीचं बीळ होतं. बीळ गेलं, वाळवून ठेवलेलं गवत गेलं. पिल्लं तेवढी तिने तोंडात धरून वर काढली.

आता ती करवंदीच्या जाळीखाली उघड्यावर राहत होती. धाकट्याला खोकला लागला होता. थंडी तोंडावर आली होती. आणि एक कोल्हा रोज जाळीपाशी येऊन "बाळ बरंय ना?" असं फार प्रेमाने विचारून जात होता.

सशीण कोर्टात गेली. न्यायाधीश होत्या हत्तीणबाई. त्या म्हणाल्या, "दार अचानक मोडलं असेल, तर कंपनी काय करणार? पण ते मोडणार हे कंपनीला आधी ठाऊक असेल, तर कंपनीने हिला वर माळावर नवं बीळ करून द्यावं. या दाराबद्दल कंपनीत जे जे मेसेज गेले-आले असतील, ते कोर्टापुढे आणा."

साधी गोष्ट. पण कंपनीत तीन शहाणे होते, त्यामुळे ती साधी राहणं शक्य नव्हतं.

पहिले बगळेवकील. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे. दुसरा कोळी. कंपनीचे सगळे मेसेज त्याच्या जाळ्यात साठत. तिसरी साळुंकी. बांधावरच्या कामाची मॅनेजर. ती दिवसभर बोले आणि उरलेल्या वेळात मेसेज करी.

बगळेवकिलांनी दोघांना मेसेज धाडला, "प्रस्तुत वादविषयाशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे संलग्न असा समग्र पत्रव्यवहार जतन करून अविलंब सादर करण्यात यावा."

साळुंकीने हात जोडल्याचं चित्र उलट पाठवलं. वर दोन फुलं.

"अहो साळुंकीबाई, हे काय?" वकील ओरडले.

"मला वाटलं, सणाच्या शुभेच्छा आहेत! एवढं जड तुम्ही एरवी कधी लिहिता?"

कोळ्याने विचारलं, "वकीलसाहेब, संलग्न म्हणजे नेमकं कोणत्या फोल्डरमधलं? कोणत्या तारखेपासूनचं?"

"ते तुम्हाला कळायला हवं. तांत्रिक बाब आहे."

"मला दारातलं काही कळत नाही. साळुंकीबाईंना विचारा."

"मला जाळ्यातलं काही कळत नाही," साळुंकी म्हणाली. "आणि वकीलसाहेबांचं तर त्यांना स्वतःला तरी कळतं का, देव जाणे."

असं भांडण रोज चाललं. शेवटी कोळी वैतागला. म्हणाला, "मला काही निवडता येत नाही बुवा. सगळ्याच मेसेजचं गाठोडं बांधतो आणि देतो कोर्टात पाठवून. बघू देत त्यांचं त्यांना."

मुलांनो, तेव्हा बगळेवकील जन्मात पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभे राहिले.

"थांब!" ते म्हणाले, आणि थेट मगरशेठकडे उडाले. "शेठ, आपल्या कंपनीत संवाद नाही. संवाद सुधारला नाही तर अनर्थ होईल."

शेठनी पोपटगुरूंना बोलावलं. गुरू गावोगावी संवाद-शिबिरं घेत. आपल्याकडे व्रत मांडतात ना, तसंच असतं ते. चौरंगाऐवजी स्टेज. पत्रीऐवजी रंगीत चिकट कागद. सुरुवातीला समई लावायची, मधल्या वेळात ढोकळा, शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. फरक एवढाच की आपण काहीतरी सोडतो. तिथे कुणाला काही सोडावं लागत नाही.

गुरू म्हणाले, "गोल करून बसा. मनातलं बोला. इथे कुणी कुणाला हसणार नाही."

साळुंकीला मन मोकळं करायला फार आवडे. ती म्हणाली, "खरं सांगू? आम्ही बांधावरचे लोक 'दार' म्हणतच नाही. आम्ही नंबर म्हणतो. जे निखळलं ते सात नंबर. मी शेठना कितीदा लिहिलं की सात नंबर गंजलाय, खाली सशांची बिळं आहेत, आधी दुरुस्त करा. शेठनी दर वेळी अंगठा दाखवला. म्हणजे, वाचलं एवढंच."

"ते सगळे अंगठे आहेत माझ्याकडे," कोळी म्हणाला. "पण मी शब्दावरूनच शोधतो. जो शब्द द्याल तेवढंच सापडेल. 'दार' म्हणालात तर दार. 'सात नंबर' म्हणालात तर सात नंबर."

बगळेवकिलांनी डोळे मिटले. पुन्हा एका पायावर आले. "आणि कोर्टात," ते हळूच म्हणाले, "कोणता शब्द शोधायचा, हे आधी ठरवून घेता येतं."

कोळ्याने मान डोलावली.

"पण ती सशीण..." साळुंकी पुटपुटली.

पोपटगुरूंनी बोट हलवलं. "इथे 'पण' म्हणायचं नाही. 'आणि' म्हणायचं. म्हणून बघा."

"ती सशीण उघड्यावर आहे, आणि..."

"आणि?"

"आणि... चहा आलाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बघा हं, मुलांनो, खोटं बोला असं कुणी कुणाला म्हटलं नाही. लपवा असंही म्हटलं नाही. तिघांना एकमेकांचं फक्त समजलं. शिबिराचं पुण्य म्हणतात ते हेच.

पुढच्या तारखेला बगळेवकील अतिशय नम्रपणे उभे राहिले. "सरकार, मेसेजचा डोंगर आहे. शोधायला एक शब्द ठरवू या. आम्ही नाही ठरवत. बाईंनीच सांगावा."

सशिणीला भरून आलं. इतकं आदराने तिला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "दार, साहेब. पाण्याचं दार."

"उत्तम शब्द," वकील म्हणाले. "लिहून घ्या."

कोळ्याने प्रामाणिकपणे सगळं जाळं पालथं घातलं. 'दार' शोधलं. एक मेसेज सापडला. साळुंकीने शिपायाला लिहिलं होतं, "ऑफिसचं दार लावून घे, मांजर आत येते."

हत्तीणबाईंनी तो दोनदा वाचला. "कंपनीला आधी ठाऊक होतं, असं यात काही दिसत नाही. बाई, शब्द तुमचाच होता ना?"

"हो, सरकार." सशीण घुटमळली. "पण त्या दुपारी बांधावरून ओरडा ऐकू आला होता. 'सात नंबर गेला, सात नंबर गेला.' ते काय होतं?"

साळुंकीची चोच उघडली. बगळेवकिलांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. पूर्वी ती म्हणाली असती, काय बघताय? आता तिला नजरेतलंही कळत होतं. चोच मिटली. कोळी आपलं जाळं नीट करू लागला.

"ठरलेला शब्द 'सात नंबर' आहे का?" हत्तीणबाईंनी विचारलं.

"नाही, सरकार," तिघं एका सुरात म्हणाले.

दावा फेटाळला. निकालात हत्तीणबाईंनी कंपनीचं कौतुकही लिहिलं. वकील, तंत्रवाले आणि कामकाजवाले इतक्या गोडीने एकत्र काम करताना त्यांनी प्रथमच पाहिले होते. पोपटगुरूंना लगेच आणखी चार कंपन्यांची बोलावणी आली.

सशीण उठली. बाहेर वारा सुटला होता. धाकट्याला पोटाशी धरून ती जाळीकडे चालू लागली. वाटेत कोळी भेटला. तो म्हणाला, "ताई, काही मदत लागली तर सांगा हं. फक्त नेमक्या शब्दांत सांगा."

तात्पर्य : शहाण्यांचं आपसात पटत नाही, तोवरच गरिबाला आशा असते. त्यांचा संवाद सुधारल्याचं कानावर आलं, की उतारावर राहणाऱ्याने आपलं बिऱ्हाड हलवावं.

माझा देवावर विश्वास आहे. तो कुठे ना कुठे अजून दोन शहाण्यांना भांडत ठेवतच असेल. म्हणून मी यंदा नवं व्रत धरलंय. कुठल्या ऑफिसात कुणाचं कुणाला कळेनासं झालं, तर मध्ये पडायचं नाही. समजावायचं नाही. लांबून हात जोडायचे आणि म्हणायचं, देवा, यांचं हे असंच राहू दे, निदान गाठोडं कोर्टात पोचेपर्यंत. व्रत सोपं आहे, उपास नाही, खर्च नाही. बाळांनो, तुम्हीही धरा.