शेवंताबाईंची तीनशे चाळीस पावलं

पक्षाघाताच्या रुग्णांना घरी सोडताना आमच्या रुग्णालयात रोजची पावलं ठरवून दिली जातात आणि तेवढीच पडतात. अंदाज मी देतो. अकरा वर्षांत तो एकदाही चुकला नाही. चुकायला पायच तयार होत नाहीत. सकाळी सहाला नवी पावलं येतात, कालची उरलेली धरत नाहीत.

शेवंताबाई परीट यांना मी तीनशे चाळीस दिली. हौसाक्काच्या दारापर्यंत किती लागतील, असं त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. हौसाक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली. घर मागच्याच बोळात, तिथे रिक्षा शिरत नाही. मी स्वतः मोजून आलो. तीनशे दहा. बाईंचा चेहरा फुलला.

महिन्याभराने नवरा, महादेवराव, त्यांना घेऊन रुग्णालयातल्या माझ्या खिडकीशी आले. बाई अजून बहिणीकडे पोचल्याच नव्हत्या. दुपारच्या आत पावलं संपत. महादेवरावांना चहा, पाणी, टॉवेल सगळं हातात लागायचं. दारात कुणी आलं की बाई उठायच्या आणि चहा टाकायला आत जायच्या. मग असतील तिथेच थांबायच्या. परवा मोरीच्या उंबऱ्यात तिन्हीसांजा झाल्या. महादेवरावांचं म्हणणं, अंदाज कमी पडतोय, वाढवून द्या. मला त्यांचा राग आला, पण खिडकीत बसून रागावता येत नाही. फेरअंदाज सहा महिन्यांनी, असं मी सांगितलं.

"वाढवून नको साहेब," बाई म्हणाल्या. जीभ अजून जड होती. "हाईत ती माझी हाईत, एवढं लिवून द्या."

असा छापील नमुना नाही. मी कोऱ्या कागदावर लिहिलं, 'सदर पावलांवर रुग्णाखेरीज कोणाचाही हक्क नाही', आणि शिक्का मारला.

महादेवरावांनी कागद दोनदा वाचला. "म्हंजी पाणी?"

माठ कुठे असतो ते बाईंनी त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. बाई सहाला निघाल्या होत्या. तीनशे दहा दारापर्यंत, उरलेली तीस अक्काच्या खाटेपर्यंत. दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या आहेत आणि परतायला एकही पाऊल नाही, अशी त्यांची तक्रार होती. मला फार बरं वाटलं. उद्या सकाळी येतील नवी, मी म्हणालो.

"तवर डबा कोन पोचवनार?"

"तुम्ही."

त्यांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "माजी किती हाईत?"

मी रजिस्टर पाहिलं. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. कितीही टाका, असं मी त्यांना सांगितलं. हे त्यांना आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.