भिंतीतून आलेले बूट

आडव्या माणसाला माप लावतात ते एकाच कारणासाठी, अशी माझी समजूत होती. त्यामुळे रविवारी दुपारी गॅलरीतल्या बाकावर पुस्तक छातीवर ठेवून मला डुलकी लागलेली असताना टाचेला काहीतरी गार लागलं आणि डोळे उघडून पाहतो तर घाडीकाका पायाशी वाकून स्टीलची टेप ओढतायत, तेव्हा मी किंचाळलो. दोन खोल्यांतली माणसं बाहेर आली.

"हलू नको," घाडीकाका म्हणाले. "पाच फूट आठ. उभा असताना पाच-पाचच्या वर नाहीस तू."

"काका, मी जिवंत आहे."

"मग? मेलेल्याचं माप घेऊन मला काय करायचंय? निजला की माणूस लांब होतो, लायब्ररी. पावलं पसरतात. हे त्या कंप्युटरला कोण सांगणार?"

मी दादरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणून लालबागच्या आमच्या चाळीत माझं नाव लायब्ररी. घाडीकाका सतरा नंबरच्या खोलीत राहतात. वय चौऱ्याहत्तर. आधी मिलमध्ये फिटर होते, मिल गेल्यावर लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात. दोन्ही ठिकाणी त्यांनी आयुष्यभर मापं घेतली आणि आता निवृत्तीनंतर थांबायचं कसं ते त्यांना माहीत नाही. बोलताना कोणी जरा वाहवत गेलं की ते हात वर करून म्हणतात, "मापात बोल." हे त्यांनी चाळीच्या सभेत आमदारालाही ऐकवलं आहे. आमदार त्यानंतर मापात बोलले नाहीत, पण लवकर गेले.

आमची चाळ पडणार आहे. त्या जागी टॉवर होणार आहे. त्याचं नाव तीन शब्दांचं आहे, आणि त्यातला एकही शब्द त्यात राहायला जाणाऱ्यांना नीट उच्चारता येत नाही. बिल्डरच्या माणसाने पटांगणात पडदा लावून आम्हाला 'लाइफस्टाइल' दाखवली. घाडीकाकांनी एकच प्रश्न विचारला. "गावची माणसं आली की झोपायचं कुठे?"

"सर, गेस्ट बाथरूम आहे ना!" तो उत्साहाने म्हणाला.

घाडीकाका इतके हबकले की खाली बसायला त्यांनी खुर्ची न बघताच बूड टेकलं. खुर्ची होती, हे नशीब.

त्याच सभेत सांगण्यात आलं की प्रत्येक भाडेकरूने दोन नकाशांतला एक निवडायचा. 'ए'मध्ये मोठा हॉल, एक बेडरूम आणि ऐसपैस स्वयंपाकघर. 'बी'मध्ये हॉल लहान, स्वयंपाकघर त्याहून लहान, पण एक चिमुकली जादा खोली. आतल्या भिंती थोड्या सरकवून मिळतील, पण शनिवारपर्यंत लिहून द्यायचं. नंतर बदल नाही.

घाडीकाकांच्या बायकोला, सुलोचनाकाकूंना, 'ए' हवा होता. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी दोन फुटांच्या ओट्यावर स्वयंपाक केला. एका वेळी पोळपाट तरी ठेवायचं किंवा परात तरी. त्यांची मुलगी सुनीता लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तरी ओटा तेवढाच राहिला. घाडीकाकांना मात्र 'बी'च हवा होता. का, ते सांगत नव्हते. "हवा खेळते," एवढंच म्हणत. दोन म्हाताऱ्या माणसांना तिसरी खोली कशाला, असं चाळीत सगळ्यांनी विचारून झालं. आणि काकूंना पटवून देण्यासाठी त्यांनी सुनीताचा जुना लॅपटॉप मागवून घेतला, त्यात घर रचायचं सॉफ्टवेअर घालून घेतलं आणि स्वतः घर बांधायला बसले.

मी एकदा अकरा नंबरमधला प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला होता. तेवढ्या भांडवलावर चाळीचा कंप्युटर तज्ज्ञ मीच. त्यामुळे हाक मला आली.

पहिल्या दिवशी गेलो तर लॅपटॉप तापतो म्हणून पाटावर ठेवला होता आणि घाडीकाका पडद्याकडे संशयाने पाहत होते. "ही बाई माझं ऐकत नाही," ते म्हणाले. सॉफ्टवेअर त्यांच्या लेखी बाई होती. "मी म्हणतो दहा बाय सोळाची खोली काढ. हिने काय काढलं बघ." मी पाहिलं. कोपऱ्यात एक कपाट होतं आणि ते मुंगीएवढं दिसत होतं. काकांनी दहा आणि सोळा लिहिले होते, पण माप मीटरमध्ये होतं. लग्नाचा हॉल झाला होता. मी घाईघाईने माप बदललं ते चुकून मिलिमीटर झालं, आणि खोली नाहीशी झाली. कपाट तेवढं उरलं.

"अरे! घर खाल्लंस तू माझं!" काका ओरडले.

फूट आणि इंच कुठे असतात ते शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. धडा असा की, आधी एकक बघायचं, मग भिंत काढायची. हा धडा मी काकांना दिला तेव्हा ते म्हणाले, "फिटरला शिकवतोस?"

दुसऱ्या दिवशी घरात जमीन येत नव्हती. चार भिंती होत्या, खाली पांढरी पोकळी. निरखून पाहिलं तर एका कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींना टेकल्याच नव्हत्या, केसाएवढी फट होती. फट बुजवताच जमीन आली. काका खूश झाले, आणि मग त्यांनी 'फोटो काढ' म्हणून बटण दाबलं तर सगळं काळंकुट्ट. ते निमूट बसून राहिले. पाच मिनिटांनी मी विचारलं, "काय करताय?"

"लाइट गेलेत तिथले. येतील."

घरात एकही दिवा लावलेला नव्हता, एवढंच होतं. पण त्या श्रद्धेला धक्का लावायला मला जड गेलं.

तिसऱ्या दिवशीचा धक्का मात्र मला अजून आठवतो. स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी, निळंशार पाणी चमकत होतं.

"काका, हे काय आहे?"

"मोरी."

सॉफ्टवेअरमध्ये सोफ्याचे दीडशे प्रकार होते, पण मोरी नव्हती. काकांनी पोहण्याचा तलाव शोधून काढला होता आणि दाबून दाबून तीन बाय तीनचा केला होता. कडेला उतरायची स्टीलची शिडीही होती. देव्हारा नव्हता, म्हणून विलायती शेकोटी घेऊन तिच्यावर देव बसवले होते. टीव्ही छताला चिकटून हवेत तरंगत होता, कारण उंचीच्या रकान्यात काकांनी स्वतःची उंची लिहिली होती. "डोळ्यांसमोर यायला नको?" ते म्हणाले. मी एकेक निस्तरत होतो आणि काका प्रत्येक वेळी नव्या नावाने जतन करत होते. 'फायनल', 'फायनल खरी', 'फायनल खरी आता हात लावू नये'.

माझं माप घेतलं गेलं ते यानंतर. आणि शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला, लगेच ये.

सुलोचनाकाकू दारात बसून सुपात सुका जवळा निवडत होत्या. उद्या कागद द्यायचा होता, आणि घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हतं, हे चाळीला कळलं होतं. "बघा जाऊन," काकू मला म्हणाल्या. "माझ्या ओट्यावर काय वाढून ठेवलंय ते."

काकांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर 'बी' नकाशातलं स्वयंपाकघर होतं. नीटनेटकं. ओटा, गॅस, वर मांडणी. आणि गॅसच्या बरोबर वर, भिंतीतून, दोन काळे चकचकीत बूट बाहेर आलेले होते. बुटांत पाय होते.

मी खुर्चीवरून उठलोच. "कोण मेलंय?"

"मापात बोल! पाय भिंतीतून बाहेर येतायत, तेवढं बघ. दोन दिवस खटपट करतोय. बाई लाल रंग दाखवते नुसती."

मी भिंतीच्या पलीकडचं दृश्य लावलं. ती चिमुकली जादा खोली. एका भिंतीला खाट, आणि खाटेवर एक गोरा, सोनेरी केसांचा माणूस उताणा झोपलेला. अंगात सूट, गळ्यात टाय, हातात ब्रीफकेस. खोली किती मोठी आहे याचा अंदाज यावा म्हणून सॉफ्टवेअरवाले असा एक उभा माणूस देतात. काकांनी त्याला आडवा केला होता. दाराची मोकळीक आणि कपाटाची जागा सोडल्यावर खाट बसत नव्हती, आणि साहेबाचे पाय आरपार काकूंच्या ओट्यावर गेले होते.

"सोपं आहे," मी म्हणालो. "याला काढून टाकू या." आणि मी बोट खोडायच्या बटणावर नेलं.

काकांनी माझं मनगट धरलं. फिटरची पकड अजून तशीच आहे. "अरे, तो बापू आहे," ते म्हणाले.

मी पुन्हा त्या साहेबाकडे पाहिलं. टाय, ब्रीफकेस.

बापू म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. बंदरावर मालाच्या नोंदी करायचे. सतरा नंबरच्या दाराबाहेर, गॅलरीत, त्यांची पथारी असायची. आम्ही सगळी पोरं सकाळी त्यांना ओलांडून शाळेत गेलो. बापूकाकांना आत उकडतं, हे आख्ख्या चाळीला माहीत होतं. त्यांना डिसेंबरातही उकडायचं. पावसाळ्यात ते अंगावर प्लॅस्टिक घेऊन झोपायचे, तरी उकडायचं. गुडघे गेले, खाली बसणं-उठणं होईना, तेव्हा ते कणकवलीजवळच्या गावच्या घरी निघून गेले, आणि आता तिथे एकटे असतात.

"आडवा तो तुझ्याच मापाचा," काका हळू आवाजात म्हणाले. "याला छोटा केला तरी पाय जातातच. खाट साडेसहाची. भिंत सहा इंच तिकडे सरकली तरच बसते. पण मग ओटा..."

 दारातला सुपाचा आवाज थांबला होता.

"बापूकाका गॅलरीत कधीपासून झोपायचे?" मी उगाच विचारलं.

"सुनीता आठवीत गेली तेव्हापासून," काका म्हणाले. "एकच खोली. पोरगी वाढायला लागली. एके दिवशी पथारी उचलली आणि म्हणाला, दादा, आत उकडतं."

मी पुस्तकांत आयुष्य काढलेला माणूस. तीस वर्षं त्या पथारीवरून उडी मारून गेलो, आणि हे मला शुक्रवारी संध्याकाळी कळलं.

काकू सूप ठेवून आत आल्या. चष्मा लावून पडद्यावर वाकल्या.

"हे आपले भावजी?"

"समज," काका म्हणाले.

"आणि मला सांगत होतात, हवा खेळते."

"हवा पण खेळते."

"सरळ बोलला असतात तर?"

"तू नाही म्हणाली असतीस तर?" काका म्हणाले. "मग मला पुढे तोंड दाखवायला जागा नव्हती. तुझ्याकडे पण नाही, आणि त्याच्याकडे पण."

काकूंनी पडद्यावरच्या बुटांना बोट लावलं. मग मला म्हणाल्या, "सहा इंच म्हणजे किती हो, भाऊ?" मी हाताने दाखवलं. "एवढंच ना? एवढ्यात तेलाची बरणी राहते. ती खाली ठेवीन. सरकवा भिंत."

मी भिंत सरकवली. लाल रंग गेला. साहेबाचे पाय खाटेवर आले.

"आणि डोकं दाराकडे का केलंय?" काकू काकांवर कडाडल्या. "त्यांना उशाला वारा लागतो. खिडकीकडे करा डोकं. एवढं कळत नाही? भाऊ कोणाचे आहेत, माझे का तुमचे?"

मी साहेबाला फिरवला. ब्रीफकेस काढता येत नव्हती, ती राहिली.

मग फोन करायचा ठरलं. काकांनी गावचा नंबर लावला, आवाज मोठा करून फोन पाटावर ठेवला, आणि ते विहिरीच्या पंपाबद्दल बोलले. मग माकडांबद्दल. मग पुन्हा पंपाबद्दल. काकूंनी कोपर मारल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"बापू, नव्या घरात एक खोली काढलंय. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी कित्याक?" पलीकडून आवाज आला. "मी आपलो गॅलरीत झोपान."

"गॅलरी नाय नव्या घरात."

"मगे?"

"मगे काय? आत झोपाचा."

 पलीकडून अगदी हलक्या आवाजात, "आत उकडता रे, दादा."

घाडीकाकांनी फोन काकूंकडे सरकवला. काकूंनी फोन उचलला आणि कानाला लावला.

"पंखो आसा, भावजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही येवा."