होय कोण म्हणतलो?

आमच्या मुलुंडच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की बाकीचे लोक चहापाण्याचं विचारतात. तळमजल्यावरचे परब मात्र विचारतात, "तुमच्याकडे होय कोण म्हणतलो?"

समोरचा माणूस गोंधळतो. मग परब समजावून सांगतात. उद्या घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं आणि हॉस्पिटलात डॉक्टरांनी इंजेक्शनसाठी सही मागितली, तर 'होय' कोण म्हणणार? एकच नाव द्यायचं. ते नाव परब शाळेच्या वहीत घराच्या नंबरासमोर लिहून घेतात. "आधी ठरवा, मगे रडा," हे त्यांचं पालुपद. भांडुपच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली, तरी जिभेवरचं मालवण उतरलं नाही.

मुलांनो, तुम्ही सुट्टीत कॅनडाहून आजीकडे आलात की हे काका तुम्हाला हात वर करायला आणि हसून दाखवायला लावायचे, आठवतं? त्यांना गंमत करायची नव्हती. ते तपासत होते.

सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, तर हे उठून उभे. "टाकी खंय पळान जाता? आधी नावां द्या." पहिल्या मजल्यावरचे शहा हसून म्हणाले, "परबभाई, हमारे यहाँ सब कुछ मिसेस ही बोलती है. उसी का नाम लिखो." परबांनी गंभीरपणे लिहून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या नवरीलाही त्यांनी दारातच गाठलं, तेव्हा तिची सासू कडाडली, "अहो, तिच्या केसांतल्या अक्षता तरी पडू देत!"

माझ्याकडेही ते दर सोमवारी विचारायचे. मी म्हणायची, "परब, आमच्याकडे असले निर्णय सगळ्यांशी बोलून होतात." आपल्या घरात प्रत्येक कागदाची फाइल, प्रत्येक फाइलवर चिठ्ठी. मला वाटायचं, एवढं पुरेसं आहे.

या वेडामागचं कारण त्यांनी मला एकदा जिन्यात सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको, सुमनवहिनी, बांगडे साफ करताना एकाएकी कोलमडली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत दोन तास गेले, तरी वेळ हातात होती. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, फायदा होईल, पण क्वचित रक्तस्रावही होतो, सही करा. परब घाबरले. म्हणाले, "पाच मिनिटं द्या." आणि गावाला भावाला फोन केला की देवाला कौल लावा. त्यांच्याकडे देवाच्या होकाराशिवाय घराचा पायाही खणत नाहीत. भाऊ देवळात धावला. गुरव शेतात गेला होता. त्याला शोधून आणलं, त्याने अंघोळ केली, गाऱ्हाणं घातलं. कौल उजवा पडला.

"देव होय म्हणालो," परब म्हणाले, "आणि डॉक्टर म्हणाले, आता नाय."

सुमनवहिनींची उजवी बाजू गेली आणि वाचाही. परबांनी वही केली.

आता त्या मंगळवारचं सांगते. तुमचे आजोबा सकाळी शब्दकोडं सोडवत होते. पेन्सिल पडली. उचलली, पुन्हा पडली. मी म्हटलं, "काय हो, झोप झाली नाही का? जरा आडवे व्हा." ते काहीतरी म्हणाले, पण शब्द ओलं कापड पिळल्यासारखे येत होते. तेवढ्यात परब पेपरची पुरवणी न्यायला आले.

"भाऊ, हसा बघू," ते आजोबांना म्हणाले.

अर्धाच चेहरा हसला.

"हात वर." उजवा हात हळूहळू खाली आला.

"वयनी, शेवटचे बरे कधी होते?"

"नऊला. चहा मागितला तेव्हा." परबांनी ती वेळ तळहातावर लिहिली. मी पाणी द्यायला गेले, तर भांडं हातातून काढून घेतलं. "ठसको लागात." साडी बदलू दिली नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊ दिलं नाही. "स्कॅनचं मशीन आसा, थंयच जायचं." शहांनी गाडी काढली, आणि परबांनी वाटेतूनच हॉस्पिटलात फोन करून ठेवला.

स्कॅन झाला. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली, "गुठळी आहे, रक्तस्राव नाही. इंजेक्शन लगेच देता येईल. धोका थोडा आहे. सही कराल?"

माझ्या पिशवीत सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले होते. पेन होतं. आणि मी काय केलं, तर तुमच्या बाबांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. तिकडे रात्र होती, त्याची काही चूक नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, पाच मिनिटं."

परब भिंतीला टेकून उभे होते. आवाज न चढवता म्हणाले, "वयनी, मी पण पाचच मिनिटां म्हटलेलंय. माझो गुरव शेतात गेल्लो. तुमचो कॅनडात झोपलो आसा."

मी सही केली. चाळीस वर्षांत माझी सही कधी एवढी वेडीवाकडी आली नव्हती.

चौथ्या दिवशी आजोबा स्पष्ट बोलले. उजव्या बोटांत थोडी कमजोरी राहिली आहे, पण बोलणं पूर्ण परत आलं. घरी आल्यावर मी पहिल्यांदा धावले ती तळमजल्यावर. तीन वर्षांत परबांनी कुणाला दारापलीकडे बोलावलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानातही नव्हतं. दार अर्धं उघडलं. आत खिडकीशी सुमनवहिनी खुर्चीत बसल्या होत्या, अर्धी वेणी घातलेली. परबांच्या हातात कंगवा.

"परब," मी उंबऱ्यातूनच ओरडले, "अहो, त्या इंजेक्शनने..."

"हळू, वयनी!" ते झटकन बाहेर आले, पाठीमागे दार ओढून घेतलं. "हिका सगळां ऐकाक येता. समाजताही."

"मग?"

"असां काय इंजेक्शन होतां, ता हिका म्हायत नाय."

सगळ्या इमारतीला तीन वर्षं बजावणारा माणूस. घरात मात्र एक अक्षर नाही.

मग तेच म्हणाले, "भाऊ बोलले? काय बोलले?"

"चहा पाणचट झालाय म्हणाले."

ते हसले. "परत सांगा," म्हणाले. मी परत सांगितलं. मग त्यांनी कंगवा धरलेल्या हाताच्या मनगटाने डोळे पुसले आणि चेहरा सारखा होईपर्यंत तिथेच, बंद दारासमोर, उभे राहिले. आतून सुमनवहिनींनी हाक मारल्यासारखा आवाज केला.

"इलंय गो," ते म्हणाले आणि आत गेले.