डेन्मार्कची शर्यत बिनविरोध

धावणं ही एकट्यानं करायची क्रिया असली, तरी धावायला कुणी जायचं हा प्रश्न कायम संस्थेचा असतो. हे ज्या समाजाला कळत नाही तो समाज नुसता पळत राहतो, त्याची प्रगती होत नाही. आमच्या भूम तालुक्याला ही गोष्ट सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात कळली आणि तिचं सगळं श्रेय खडकवाडी सहकारी दूध संघाला जातं. मी त्या वेळी संघाचा चिटणीस होतो, त्यामुळं मी सांगतो ते खरं धरावं. (वेगळी माहिती विरोधकांकडं मिळेल.)

त्या दुष्काळी साली जनावरं चाऱ्याच्या छावणीवर, माणसं रोजगार हमीच्या खडीवर आणि पाणी टँकरमध्ये, अशी सगळ्यांची नीट व्यवस्था लागलेली होती. दूध नव्हतं. पण दूध नाही म्हणून दूध संघ बंद पडत नसतो. संघाला लागतात संचालक, आणि ते उत्तम प्रकृतीत होते.

संघानं डेन्मार्कच्या एका कंपनीकडून दूध थंड करायचं यंत्र घेतलं होतं. (त्या दिवसांत त्यात संचालकांची कलिंगडं थंड होत.) त्या कंपनीच्या गावात दरवर्षी अर्धी मॅरेथॉन भरते, म्हणजे साधारण सात कोस पळायचं. कंपनीनं आम्हाला कळवलं, की तुमच्या गावाचा एक माणूस पाठवा. त्यानं पळत, चालत, बसत, कसंही अंतर पुरं केलं, तर तुमच्या गावात आमच्या खर्चानं बोर पाडून देऊ, पंपासकट.

बोर! सगळ्या गावाच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही. आणि गंमत म्हणजे पळणारं माणूस गावात होतंच. खालच्या वस्तीवरची चांगुणा. टँकर फाट्यावर दिसला की ही घागर घेऊन सुटायची आणि टँकर विहिरीपाशी यायच्या आत तिथं उभी असायची. एकदा तर तिनं संघाच्या जीपलाही मागं टाकलं होतं. जीपमध्ये अध्यक्ष आण्णासाहेब बसलेले असल्यामुळं ही गोष्ट पुढं तिच्या विरोधात गेली.

विषय सर्वसाधारण सभेपुढं आला. चांगुणा मागून उठली आणि पदर खोचून म्हणाली, "मला धाडा. म्या पळते. बोर तुमच्या दारात पाडा, मला काय न्हाय, पर पाणी येऊ द्या. पाण्यापायी माजी पोरगी शाळंतनं काढलीया म्या."

पण आण्णासाहेब कसलेले गडी. ते मायेनं म्हणाले, "चांगुणाबाई, तुमी गेल्यावर हितं टँकरमागं कोन पळायचं? जरा गावाचा इचार करा की."

सभा खदाखदा हसली. मग मी नियम वाचून दाखवले. उमेदवार संघाचा सभासद हवा. सभासद व्हायला दुभतं जनावर हवं. चांगुणेची म्हैस छावणीवर होती आणि छावणी शेजारच्या तालुक्यात, म्हणजे म्हैस कार्यक्षेत्राबाहेर. (आण्णासाहेबांच्या म्हशीही त्याच छावणीवर होत्या, पण त्या अभ्यासासाठी गेल्या होत्या.) चांगुणा खाली बसली. तिचं मला खरंच वाईट वाटलं, पण वाईट वाटणं हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

आण्णासाहेबांचं नाव पुढं आलं. त्यांचा पळण्याचा अनुभव जीपपासून खुर्चीपर्यंतचा. तेवढ्यात उपाध्यक्ष उत्तरेश्वर उठले. त्यांची शंका मूलगामी होती. "अर्धी मॅरेथॉन म्हंजी काय, आण्णासाहेब? उरलेली अर्धी कुणाला दिली?"

हा प्रश्न खुद्द डेन्मार्कमध्येही कुणाला सुचला नसेल. शेजारच्या परंडा तालुक्यातल्या लोकांनी परस्पर वरून वशिला लावून अर्धी पळवली, असा बऱ्याच जणांना संशय आला. वातावरण तापलं. शेवटी अध्यक्षपदासाठी आमच्याकडं जो तोडगा चालतो तोच इथं लावला. पहिलं निम्मं अंतर आण्णासाहेबांनी जायचं, तिथं राजीनामा द्यायचा, पुढचं निम्मं उत्तरेश्वरांनी पुरं करायचं. पाहुण्यांचा रिवाज म्हणून कंपनीनंही हे कबूल केलं. देखरेखीला मी गेलो.

डेन्मार्क हा देश बरा आहे. तिथं पाणी इतकं, की लोकांना त्याची काही किंमतच नाही. टँकर नसल्यामुळं पळायचं कशासाठी हा त्यांच्यापुढं मोठा प्रश्न असतो, म्हणून त्यांना अशा शर्यती भरवाव्या लागतात.

शर्यतीच्या सकाळी मैदानात मायंदळ उमेदवार पाहून आण्णासाहेब हबकले. "चिटणीस, एवढे अर्ज? माघारीची मुदत कवा हाय?" मुदत नाही म्हटल्यावर ते खवळले. संघाच्या इतिहासात त्यांनी एकही निवडणूक मतदानापर्यंत जाऊ दिलेली नव्हती. ते टोप्या, टॉवेल आणि नारळाची पिशवी घेऊन एकेका गोऱ्यापाशी जाऊन समजूत घालू लागले. पुढच्या खेपेला तुम्हाला घेऊ, असंही सांगत होते. एका म्हाताऱ्यानं टोपी घातली, नारळ घेतला, हात मिळवला. आण्णासाहेब माझ्याकडं पाहून म्हणाले, "ह्यो बसला." इतक्यात बंदूक वाजली आणि म्हाताऱ्यासकट सगळे पळाले. माणसांत शब्दाला म्हणून काही किंमत राहिलेली नाही.

आता आण्णासाहेबांविषयी जे लोक वाटेल ते बोलतात, त्यांनी हे नीट ऐकावं. आण्णासाहेब चालले. धोतराचा सोगा हातात धरून, थांबत, घाम पुसत, रस्त्याकडेच्या बायकापोरांना नमस्कार करत ते दुपार टळता टळता निम्म्यावर पोचले. माझे तर डोळे भरून आले. तिथं उत्तरेश्वर हार घेऊन उभे होते.

"या. द्या राजीनामा," उत्तरेश्वर म्हणाले.

आण्णासाहेबांनी हार गळ्यात घालून घेतला आणि म्हणाले, "एवढी काय घाई हाय? कामं अर्धवट हायती. मुदतवाढ घ्यावी म्हंतो."

"शब्द दिला हुता तुमी! तुळजापूरच्या देवीच्या पायरीवर!"

"दिलाय की. न्हाय कुटं म्हंतोय?"

आण्णासाहेब राजीनामा देईनात आणि त्यांच्यानं पुढं चालवेना. उत्तरेश्वर ताजेतवाने होते, पण राजीनाम्याशिवाय पाऊल टाकणं म्हणजे आण्णासाहेबांची मुदतवाढ मान्य करणं, असं त्यांचं म्हणणं. रस्ता झाडून झाला. कमानी उतरल्या. कंपनीचा साहेब हात जोडायला आमच्याकडूनच शिकला होता. तो हात जोडून म्हणाला, की कुणीही चाला, उद्या सकाळी चाला, मी स्वतः सोबत येतो, पण त्या रेषेपलीकडं एकानं पाय टाका, तुमच्या गावाला पाणी द्यायचंय मला. त्याचं बोलणं दुभाष्यानं सांगितलं तेव्हा दोघांनीही मान डोलावली. आण्णासाहेब म्हणाले, "आधी ह्यांना गप करा." उत्तरेश्वर म्हणाले, "आधी ह्यांना उतरवा." आणि आम्ही परत आलो.

खडकवाडीत जंगी मिरवणूक निघाली. दोन निघाल्या. निम्मं अंतर झालेलं असल्यामुळं निम्म्या खोलीचं तरी बोर द्यावं, अशी रास्त मागणी संघानं कंपनीकडं केली. कंपनीकडून काही उत्तर आलं नाही. परदेशी लोकांना सहकार कळत नाही तो असा.

त्याच दिवाळीत संघाची निवडणूक लागली आणि आमच्याकडं आजवर न घडलेला प्रकार घडला. चांगुणा उभी राहिली. म्हैस छावणीवरून परत आली होती, नियमात बसत होती, मी काय करणार? आण्णासाहेब आणि उत्तरेश्वर यांचा तत्काळ समझोता झाला. चांगुणा दारोदार हिंडली. एकच सांगायची, "मला निवडून द्या. म्या त्या साहेबाला पत्र धाडते आन् पुढल्या साली पळून बोर आणते." लोकांनी तिला ओट्यावर बसवलं, चहा पाजला. बायांनी तिची दृष्ट काढली. आण्णासाहेबांना शिव्या घालण्यात तर सगळा गाव एक होता. मत तुलाच, असा शब्द तिला घराघरांतून मिळाला.

आण्णासाहेब प्रचंड बहुमतानं निवडून आले. निकालाच्या वेळी चांगुणा तिथं नव्हती. टँकर आला होता.

तिला शब्द देऊन आण्णासाहेबांना मत कुणी दिलं, असं मला अजून लोक विचारतात. मतदान गुप्त असतं, मला काय ठाऊक! तुम्ही आमच्या संघाचे सभासद नाही, हे मान्य. पण तुमच्याही गावात एखादा संघ असेलच, आणि तिथं तुम्ही कुणाला शिव्या घातल्या आणि कुणाला मत दिलं, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे.