फिलूमावशीची मूठ

दर शनिवारी सकाळी कॅनडात, आमच्या ब्रॅम्पटनच्या बिल्डिंगखाली फिलूमावशी बायकांच्या काखेचा वास घेते. हात वर करून सरळ नाकच खुपसते. पूर्वी हा कार्यक्रम बसस्टॉपवर चालायचा. एकदा तिने भलत्याच बाईचा हात वर केला आणि त्या बाईची समजूत घालता घालता माझ्या तोंडाला फेस आला. तेव्हापासून मीच माझी व्हॅन काढतो.

यामागे शास्त्र आहे. मॅमोग्रामला, म्हणजे छातीच्या एक्स-रेला, जाताना पावडर, डिओडरंट लावायचं नसतं. फोटोत उगाच ठिपके दिसतात. पण मावशीच्या चर्चमधल्या मैत्रिणी एल साल्वादोर, कोलंबिया, मेक्सिकोकडच्या. डॉक्टरकडे जायचं ते नटूनथटून, घमघमत, अशी त्यांची रीत.

"रोसा, परत पावडर? वर जा, माझ्या वॉशरूममध्ये धुऊन ये!"

मावशी मूळची वसईची. पॅकिंगच्या फॅक्टरीत या बायकांच्या शेजारी उभी राहून स्पॅनिश शिकली, तीही वसईच्या हेलात. "वामोस, बाय, वामोस!" म्हणजे चला, चला, म्हणत ती त्या दिवशी नंबर लागलेल्या पाच जणींना व्हॅनमध्ये कोंबते. कुणी घाबरलं की तिचं ठरलेलं वाक्य येतं, "दोन मिनिटं दुखतं. माझी बहीण लाजत बसली, नि गेली."

क्लिनिकमध्ये गळ्यातलं काढावं लागतं. सगळ्यांच्या क्रूसाच्या साखळ्या मावशी मुठीत धरून बसते आणि शेवटची बाई बाहेर येईपर्यंत मूठ सोडत नाही.

"अगं मावशी, पर्समध्ये ठेव ना," मी एकदा म्हटलं.

"पर्सला काय कळतंय रे?"

गेल्या हिवाळ्यात व्हॅनमध्ये रोसाने सहज विचारलं, "फिलोमेना, तुझं कधी झालं?"

मावशी बाहेरचा बर्फ बघायला लागली. "मी ड्युटीवर असते ना."

इतकी वर्षं दुनियेला नेणारी ही बाई स्वतः एकदाही आत गेली नव्हती! मला आधी रागच आला, मग फार वाईट वाटलं. घरी एकटी. आपली भीती ती सांगणार तरी कुणाला?

रोसाने तिला तिथेच, माझ्या मोबाईलवरून अपॉइंटमेंट घ्यायला लावली. अपॉइंटमेंटच्या शनिवारी त्या पाचही जणी खाली हजर, स्वतःचं काही काम नसताना. रोसाने मावशीचा हात वर करून रीतसर वास घेतला. मावशीला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

नर्सने हाक मारली. मावशीने गेलेल्या बहिणीची क्रूसाची साखळी गळ्यातून काढली, क्षणभर घुटमळली आणि रोसाच्या हातात देऊन आत गेली. रोसाने मूठ मिटली.

थोड्या वेळाने मावशी बाहेर आली. "दोन मिनिटं सांगत होते ना? अडीच लागली." तिचे डोळे ओले होते. रोसाने मूठ उघडली तेव्हा तिच्या तळहातावर क्रूसाचा ठसा उमटला होता.

दोन आठवड्यांनी पत्र आलं, सगळं ठीक. ते मावशीने पर्समध्ये ठेवलं नाही. मुठीत घट्ट धरून पाचही जणींच्या दारी नेलं. व्हॅन अर्थात माझीच होती.